लहानपणीचा बॅक टू द फ्यूचर परत बघायचाय? मग असा बघा

काही सिनेमे आपण लहानपणी इतक्यांदा बघितलेले असतात की आता लावले तरी आपण ते बघत नसतो, नुसती पुढच्या सीनची वाट बघत असतो. बॅक टू द फ्यूचरचं हमखास हेच होतं, तोच १९८५ चा हॉलिवूड सिनेमा, ज्यात मार्टी नावाचा पोरगा डॉक या शास्त्रज्ञ दोस्ताच्या टाइम मशीन केलेल्या डेलोरियन गाडीतून १९५५ मध्ये जातो आणि आईबाबांची जुळायची जोडीच बिघडवतो. डेलोरियन, वीज, घड्याळाचा टॉवर, गिटार, झालं, अजून भारी वाटतो ना, हो वाटतो, विषय संपला. पण ११६ मिनिटांच्या या सिनेमातला निम्मा माल आपल्याकडून तेव्हा सुटलाय, आणि तो नेमका त्या भागात आहे जो तेव्हा बोअर वाटायचा म्हणून आपण पुढे ढकलायचो.

म्हणून पहिला नियम, सुरुवात पळवायची नाही. फोन लांब ठेवा आणि पहिली पाच मिनिटं डोळे फाडून बघा. कॅमेरा डॉकच्या घरातल्या घड्याळांवरून सावकाश फिरतो, त्यात एका घड्याळाच्या काट्याला एक छोटा माणूस लटकलेला दिसेल (हा हॅरॉल्ड लॉइड, १९२३ च्या मूकपटातला फेमस सीन आहे तो), आणि शेवटी डॉक स्वतः टॉवरवर तसाच लोंबकळणार आहे हे तुम्हाला माहितीच आहे. मग टोस्टरमधला ब्रेड जळून कोळसा झालेला, कॉफी मशीन चालू पण खाली भांडंच नाही, कुत्र्याचं खाणं आपोआप डब्यातून पडतंय ते आधीच्या ढिगावर, आणि वाटीवर नाव आईनस्टाईन. टीव्हीवर प्लुटोनियम चोरीला गेल्याची बातमी. मग मार्टी येतो, स्केटबोर्ड सोडून देतो आणि तो घरंगळत जाऊन कॉटखालच्या एका पेटीला आपटतो. झालं की! घरमालक कित्येक दिवस घरी नाही, त्याला कुत्रा आहे, घड्याळांचं वेड आहे आणि चोरीचा माल कॉटखाली आहे, हे सगळं कळलं आणि तोपर्यंत कोणी कोणाला काही समजावून सांगितलेलं नाही. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस आणि त्याचा जोडीदार लेखक बॉब गेलच्या स्क्रिप्टला ऑस्कर नॉमिनेशन का होतं ते इथेच कळतं.

मग जोड्या लावायला घ्या. १९८५ च्या भागात जे जे दाखवलंय किंवा उगाच बोलून गेलेत ते जवळपास सगळं १९५५ मध्ये परत येतं, फक्त वेगळ्या रूपात. ८५ मध्ये मेयरच्या प्रचाराची गाडी भोंगा वाजवत फिरत असते, ५५ मध्ये तोच गोल्डी विल्सन कॅफेत झाडू मारतोय. दादागिरी करणारा बिफ मार्टीच्या बाबाच्या, म्हणजे जॉर्जच्या, डोक्यावर टकटक करतो, घरी कोणी आहे का, तेच ३० वर्षांपूर्वी पण चालू होतं. जेलमध्ये असलेला जोई मामा पाळण्याच्या गजांमागे बसलेला सापडतो. शाळेचा तो टकलू स्ट्रिकलंड दोन्हीकडे सेम टू सेम टकलू. आणि माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे मार्टीची आई लोरेन, ८५ मध्ये पोरांना सुनावते की मी तुमच्या वयाची असताना कधी मुलाच्या मागे लागले नाही, मुलासोबत पार्क केलेल्या गाडीत बसले नाही वगैरे, आणि नंतर बघा काय काय करते ते.

या सगळ्याची चावी म्हणजे जेवणाच्या टेबलावरचा सीन. आई सांगत असते की आजोबांनी बाबाला गाडीने उडवलं, मग तिला त्याची दया आली, मग डान्स, मग पहिला किस. पोरं कंटाळलीत, बाबा टीव्हीकडे बघून एकटाच खिदळतोय, आणि लहानपणी आपण पण कंटाळायचो कारण अजून गाडी आली नव्हती. पण पुढच्या पूर्ण सिनेमाचा प्लॅन त्या दोन मिनिटांत आहे, मार्टी नंतर नेमकी हीच गोष्ट बिघडवतो आणि हीच परत जुळवायला धावतो. बाबा जो एपिसोड बघून हसत असतो तोच ५५ मध्ये लोरेनच्या घरी नव्याकोऱ्या टीव्हीवर लागतो, आणि मार्टी म्हणतो हा मी बघितलाय. (खरं तर तो द हनीमूनर्सचा एपिसोड ३१ डिसेंबर १९५५ ला लागला होता आणि मार्टी तर नोव्हेंबरमध्ये आहे, पण जाऊ द्या, जोक भारी आहे.)

मॉलची पाटी मात्र पॉझ करून बघाच. आधी ट्विन पाइन्स मॉल, खाली दोन झाडं. मार्टी ५५ मध्ये पोचल्या पोचल्या म्हाताऱ्या पीबॉडीचं एक पाइनचं झाड गाडीखाली चिरडतो. शेवटी तो परत धावत येतो तेव्हा पाटीवर लोन पाइन मॉल. कॅमेरा तिथे थांबत नाही, कोणी काही बोलत नाही, सुटलं तर सुटलं.

आता महत्त्वाचं, यावेळी मार्टीकडे नाही, जॉर्जकडे बघा. तेव्हा आपण मार्टीच्या बाजूने बघायचो, साहजिक आहे. आता हिशोब करा, ५५ मध्ये १७ वर्षांचा जॉर्ज म्हणजे ८५ मध्ये ४७, आणि आपल्यातले बरेच जण आता मार्टीपेक्षा त्याच्या वयाला जवळ आलेत. सिनेमाची आयडियाच मुळात तिथून आली, बॉब गेलला वडिलांचं हायस्कूलचं यरबुक सापडलं आणि त्याच्या डोक्यात आलं की आपण एकाच वर्गात असतो तर यांच्याशी माझी दोस्ती झाली असती का? हा प्रश्न डोक्यात ठेवून बघा, मार्टी कॅफेत बापाच्या शेजारच्या स्टुलावर बसून त्याच्याकडे बघतच राहतो तो सीन पूर्ण बदलतो. लिहिलेल्या गोष्टी जॉर्ज कोणाला दाखवत नाही कारण लोकांना नाही आवडल्या तर, आणि मार्टी आपली डेमो टेप कुठे पाठवत नाही त्याचं कारण पण अगदी हेच आहे. ॲक्टिंग पण बघा, जॉर्ज झालेला क्रिस्पिन ग्लोव्हर पडद्यावरच्या मुलापेक्षा, म्हणजे मायकल जे. फॉक्सपेक्षा, खऱ्या आयुष्यात जवळपास ३ वर्षांनी लहान आहे, आणि आई झालेली ली थॉम्पसन फॉक्सपेक्षा जेमतेम काही दिवसांनी मोठी.

पोरांना सोबत घेऊन बघणार असाल तर थोडी तयारी लागेल. एवढंच आधी सांगून ठेवा की ८५ मध्ये अमेरिकेचा प्रेसिडेंट रोनाल्ड रीगन होता आणि ५५ मध्ये तो सिनेमात कामं करायचा, नाहीतर ५५ मधला डॉक रीगन प्रेसिडेंट आहे हे ऐकून उडवून लावतो तो जोक वाया जातो. बाकी मध्ये मध्ये समजावत बसू नका, पोरांना कळतं. पण काही गोष्टी आज खटकतात आणि त्या खटकू द्या. डॉकच्या मागे लागलेले लिबियाचे अतिरेकी अगदीच कार्टून आहेत. जॉर्ज झाडावर चढून दुर्बिणीने मुलीला कपडे बदलताना बघतो आणि ते हसण्यावारी नेलंय. पार्किंगमध्ये बिफ लोरेनवर जबरदस्ती करतो तो सीन लहानपणी फक्त जॉर्जची बुक्की येईपर्यंतचा वेळ वाटायचा, आता तो बराच भयानक आहे, तिथे पॉझ करून पोरांशी बोलायला हरकत नाही. आणि शेवटी तोच बिफ यांच्या घरी गाडी पॉलिश करतोय हे मला तरी आता अजिबात पटत नाही, असल्या माणसाला कोण दारात उभं करेल? जॉर्ज सुधारला हे दाखवायला घर, फर्निचर, नवी गाडी हे सगळं पाहिजेच होतं का हा पण प्रश्न आहे, ग्लोव्हरचा स्वतःचा पण यालाच आक्षेप होता.

टाइम ट्रॅव्हलचं लॉजिक बघताना काढू नका, प्लीज. मार्टीकडच्या भावंडांच्या फोटोतून आधी भावाचं डोकंच का गायब होतं, आईबाबांना मोठा झालेला मार्टी बघून तो कॅल्विन क्लाइन (५५ मध्ये लोरेन त्याला याच नावाने ओळखायची) कसा आठवत नाही, हे सगळं नंतर चहाबरोबर. ट्रिव्हिया पण नंतरच वाचा, म्हणजे आधी एरिक स्टोल्ट्झला घेऊन कित्येक आठवडे शूट केलं आणि मग त्याला काढून फॉक्सला आणलं, तो दिवसा टीव्ही सीरियल आणि रात्री हा सिनेमा करायचा, किंवा सुरुवातीच्या ड्राफ्टमध्ये टाइम मशीन म्हणजे चक्क फ्रिज होता, हे आधी वाचलं की सिनेमाभर तेच शोधत बसतो माणूस.

दुसरा भाग बघायचा असेल तर पहिला ताजा असतानाच बघा, फार गॅप घेऊ नका, कारण त्याच्या उत्तरार्धात मार्टी परत १२ नोव्हेंबर १९५५ च्याच रात्री येतो आणि तोच डान्स दुसऱ्या बाजूने दिसतो. १९८९ चा दुसरा आणि १९९० चा तिसरा सलग शूट केलेत. तोपर्यंत मार्टीची गर्लफ्रेंड जेनिफर बदलली होती, क्लॉडिया वेल्सच्या जागी एलिझाबेथ शू, त्यामुळे पहिल्याचा शेवटचा सीन त्यांनी परत शूट केला, दोन्ही पाठोपाठ लावून बघा मजा येते. आणि पहिल्याच्या शेवटी गाडी उडाल्यावर टू बी कंटिन्यूड अशी पाटी यायची असं तुम्हाला पक्कं आठवत असेल आणि आता ती दिसली नाही तर कोणी कापली म्हणून शिव्या घालू नका, थिएटरमध्ये ती नव्हतीच, १९८६ च्या व्हिडिओ कॅसेटवर टाकली होती आणि नंतर डीव्हीडीवर काढून टाकली.