शिक्षण परिषदेत बहुभाषिक वर्गाचा तास घ्यायचाय? आधी शिक्षकांचीच गाडी अडवा

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत हा विषय कधी ना कधी तुमच्या गळ्यात पडणारच, कारण आपल्या नाशिकला सातपूर-अंबडच्या वर्गात भोजपुरी-हिंदीवाली पोरं, पेठ-सुरगाण्यात कोकणा, सटाण्याकडे अहिराणी, मालेगावात उर्दू. एक सांगतो, पीपीटी नेऊ नका. मी पहिल्यांदा ३० स्लाइड नेल्या होत्या, दहाव्या स्लाइडला मागची मंडळी यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती भरत बसली होती.

सुरुवातीची १५ मिनिटं कुणालातरी भागाकार शिकवायला लावा, पण पूर्ण तेलुगू नाहीतर कन्नडमध्ये, मराठीचा एक शब्द नाही (अहिराणी नको, ती आपल्याला अर्धी कळतेच). मग त्याच भाषेत, मान हलवून, समजलं का असं विचारायचं. सगळे माना डोलावतात! लगेच एकाला फळ्यावर बोलवा आणि गणित द्या. जी शांतता पसरते ना, ती मोडायची घाई करू नका, आपल्या वर्गातलं पोरगं रोज अशीच मान डोलावतं हे तेव्हा आपोआप लक्षात येतं.

नंतर पोरांच्या खऱ्या वह्या काढा, नावं झाकून. इथे निवांत वेळ द्या, माझ्या मते अख्ख्या तासाचा जीव इथंच आहे. कुणी 'माले पाणी पायजे' लिहिलंय, तर लाल रेघ मारायच्या आधी बघा की अहिराणीत 'ला'च्या जागी 'ले' येतो, माले-तुले, म्हणजे पोरगं नियमानंच लिहितंय. हिंदीवालं पोरगं 'मोठा झाड' म्हणतं कारण हिंदीत नपुंसकलिंगच नाही, आणि 'शाला' लिहितं कारण हिंदीत ळ नाही. शिक्षकांना गटात बसवून असे नियम शोधायला लावा, फळ्यावर दोन रकाने, घरची भाषा आणि मराठी, चूक-बरोबर नाही.

मग कुणीतरी हमखास म्हणणार, अहो मैदानावर फाडफाड मराठी बोलतो, शाब्दिक गणितालाच कसं अडतं, आळशी आहे तो. तेव्हा कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांचं सांगा, बोलण्यापुरती नवी भाषा साधारण २ वर्षांत येते पण पुस्तकातली यायला ५ ते ७ वर्षं लागतात. कायदा एका वाक्यात उरका, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असंच म्हटलंय.

'मला कोकणा येत नाही' याला उत्तर सोपं, यायची गरजच नाही. आधी २ मिनिटं पोरांना जोडीत आपापल्या भाषेत बोलू द्या, मग उत्तर मराठीत घ्या. एकटंच पोरगं असेल त्या भाषेचं तर चित्र काढू दे.

जाताना प्रत्येकाला सांगा, पुढच्या परिषदेला वर्गातल्या एका पोराकडून १० शब्द शिकून यायचं. लेखी अहवाल मात्र मागू नका, मागितलात की ते शब्द पोरांकडून न येता व्हॉट्सअॅपवरून येतात.