ई३० उघडण्याआधी : बेळगावकरांसाठी तयारीची यादी

मिरगाच्या आधी बॉनेट परत बंद झालं पाहिजे. जुन्या बीएमडब्ल्यूच्या कामाची यादी मी इथूनच सुरू करतो. दिवाळी झाली की शिमग्यापर्यंतचे दिवस या कामाचे. बेळगावची झड एकदा लागली की पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा हवा ओली राहते, आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्हचं झाकण, उतरवलेल्या इंजिनच्या लोखंडी सिलिंडरवर गंज चढायला फार वेळ लागत नाही. जुन्या जर्मन गाड्या कामाने मरत नाहीत, अर्धवट कामाने मरतात. एक सील यायचं राहिलं म्हणून गाडी उघडी पडते, मिस्त्री दुसऱ्या कामाला लागतात, सुटे बोल्ट कुठल्या डब्यात गेले ते कुणालाच आठवत नाही. म्हणून यादीतला सगळा माल घरात आल्याशिवाय पहिला बोल्ट सोडायचा नाही. बाकी कशातही तडजोड करा, यात नको.

मी लिहितोय ते बीएमडब्ल्यू ३ सिरीजच्या ई३० पिढीतल्या ३२५आयबद्दल. ही पिढी १९८२ ते १९९४ या काळात बनली. एम२० नावाचं ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन, २४९४ सीसी, ब्लॉक लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवायला याला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर मोडतात, आणि काही हजारांचं काम काही लाखांवर जातं. बेल्टची मुदत साधारण ९६,००० किलोमीटर किंवा चार वर्षं, जे आधी येईल ते. आपल्याकडे या गाड्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालतात, त्यामुळे मुदत वर्षांवर मोजायची. आधीच्या मालकाने बेल्ट बदलल्याची लेखी नोंद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. तोंडी 'केलंय की मागं' याला किंमत नाही.

गाडी अजून चालू आहे तोवरच तिची तपासणी करून घ्या. मिस्त्री म्हणतात, "उघडल्याशिवाय कसं कळतंय?" त्यांचं अर्धं खरं आहे, पण निम्म्या गोष्टी उघडल्यावर कळेनाशा होतात. इंजिन गरम करून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला हवेचा दाब, मोजून घ्या. इग्निशन कॉइलची जोडणी सोडा, पेट्रोल पंपाचा रिले काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवा आणि सहा आकडे वहीत लिहा. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर हेडला हात लावायचं कारण नाही. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ सील) गेल्याची शक्यता मोठी.

टेंपरेचरचा काटा उड्या मारत असेल तर लगेच रेडिएटरवर खापर फोडू नका. या गाडीच्या मीटरच्या मागे सर्व्हिसच्या दिव्यांचं एक सर्किट असतं आणि त्यावर छोट्या रिचार्जेबल बॅटऱ्या सोल्डर केलेल्या असतात. इतक्या वर्षांत त्या मरतात, गळतात, बोर्डावरच्या पट्ट्या खातात, आणि टेंपरेचर व आरपीएमचे काटे भरकटतात. बॅटऱ्या बदलून बोर्ड साफ करणं हे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराचं काम आहे, गॅरेजचं नाही. पहिल्या आठवड्यात हेच उरकून घ्या. काटा खरं सांगतोय की खोटं, हे ठाऊक नसताना कूलिंगचं काम हाती घेण्यात अर्थ नाही.

मग सुटे भाग. चॅसिस नंबरची शेवटची सात अक्षरं कंपनीच्या कॅटलॉगला पुरतात, त्यावरून तुमच्याच गाडीचा भाग निघतो. भागाचा नंबर अकरा अंकी असतो आणि पहिले दोन अंक विभाग सांगतात : ११ इंजिन, १७ रेडिएटर, २६ प्रोपेलर शाफ्ट, ३१ पुढची चाकं, ३४ ब्रेक. हे एकदा डोक्यात बसलं की चुकून दुसऱ्याच विभागाचं पाकीट आलं तर ते उघडण्याआधीच लक्षात येतं. ऑर्डर नंबरानेच द्या. 'ई३० चा पंप' असं फोनवर सांगून मागवू नका, कारण चार सिलिंडरची ई३० पण आहे आणि तिचा पंप वेगळा. रबर आणि सील यांत स्वस्त माल घेऊ नका. काँटिटेक, एलरिंग, लेमफोर्डर, बोश, माहले ही नावं पाहून घ्या. माल आला की प्रत्येक पाकीट जुन्या भागाच्या फोटोशी ताडून बघा आणि वहीत खूण करा.

बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर रोलर आणि त्याची स्प्रिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज, हीटरचे होज, नवे क्लॅम्प आणि बाहेरचे व्ही बेल्ट एकदमच मागवा. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत नाही, पण त्याच्यापर्यंत जायला तेच सगळं खोलावं लागतं, तेव्हा पंप ठीक दिसतोय म्हणून ठेवू नका. टेन्शनरवर झेड१२७ असा शिक्का आहे का, तो हातात धरून बघा. सुरुवातीच्या इंजिनांना वेगळ्या दातांचा बेल्ट होता, नंतर कंपनीने १२७ दातांचा आणला; बेल्ट आणि रोलर यांची जोडी जुळलीच पाहिजे. पंख्याचा ३२ एमएमचा नट उलट्या आट्याचा आहे. बोनेटवर वाकून जोर लावणाऱ्याच्या कानात हे आधीच सांगा. बेल्ट बसवताना कॅमच्या चक्रावरचा बाण हेडवरच्या खुणेशी आणि क्रँकची 'O/T' खूण आपल्या जागी, मग क्रँकच्या मधल्या बोल्टावर गोटी पाना लावून इंजिन हाताने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच दोन फेरे फिरवायचं आणि खुणा परत बघायच्या. जमल्या नाहीत तर पुन्हा. क्रँकचं पुढचं सील गळत असेल तरच तो मधला बोल्ट सोडायची वेळ येते. तो भयंकर घट्ट असतो, त्यासाठी लांब दांडा आणि क्रँक अडवायचं साधन आधी जमवा.

पेट्रोलच्या पाइपांची यादी आता पूर्वीपेक्षा महत्त्वाची झाली आहे. आपला जिल्हा उसाचा, इथल्या कारखान्यांतूनच इथेनॉल निघतं, आणि पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते २०२३ साली बेंगळुरूत सुरू झालं. ई३०चे रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. ते आतून मऊ पडतात, बाहेरून भेगाळतात, आणि पंपाचा दाब अडीच-तीन बार असल्याने गळती थेट गरम इंजिनवर फवारते. टाकीजवळचे, पंपाजवळचे आणि इंजेक्टर रेलचे सगळे तुकडे इथेनॉल सोसणाऱ्या, इंजेक्शनच्या दाबाच्या होजने बदला. दुकानात मीटरच्या मापाने कापून मिळणारा साधा काळा पाइप चालणार नाही. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत साचवून ठेवू नका.

आता उद्यमबाग, आपली कारखान्यांची वसाहत. जर्मन गाडी दारात असलेल्या माणसाला बेळगावात राहण्याचा हा खरा फायदा. फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग, हायड्रॉलिक सगळं एका फेरीत. हेड उतरवायचं ठरलं तर ते कुठे जाणार, हे आधी ठरवून, तिथल्या माणसाशी बोलून, त्यांची मोकळी तारीख घेऊन ठेवा. सोबत मॅन्युअलमधलं हेडच्या जाडीचं पान छापून न्या. "मामा, याच्या खाली घासायचं नाही," असं कागद दाखवून सांगितलं की चांगला मशीनवाला कधीच नाराज होत नाही. व्हॉल्व्ह सीट, गाइड, प्रेशर टेस्ट तिथेच. ज्या दुकानात फीलर गेज (फट मोजायची पट्टी) पुसून परत पाकिटात जातो, त्याच दुकानात हेड द्या. जुन्या एम२०च्या षटकोनी डोक्याच्या हेड बोल्टची डोकी तुटतात, कंपनीने नंतर टॉर्क्स बोल्ट दिले. नवा संच घ्या आणि त्यांना लागणारी ई१२ ची गोटी सुद्धा. पुढच्या चाकांच्या आर्मचे रबरी बुश दाबून बसवायला प्रेसही उद्यमबागेतच मिळेल. रबरी बुशच्या जागी लेथवर नायलॉनचे काढून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. ही गाडी ज्यासाठी ठेवायची ते स्टिअरिंगचं बोलणं त्या रबरातच आहे.

हत्यारांचं थोडक्यात : टॉर्क पाना हवाच, उचललेली गाडी टेकवायला चार मजबूत घोड्या, फीलर गेज, आणि बोल्टसाठी झाकणाचे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. चाकाचे बोल्ट १७ एमएमचे, १०० न्यूटन मीटरला आवळायचे.

गाडी घोड्यांवर असतानाच जॅकच्या जागा, मागच्या दिव्यांखालचा पत्रा, बॅटरीखालचा तळ आणि सनरूफची पाणी जायची नळी बघून घ्या. प्रोपेलर शाफ्टची रबरी डिस्क वाकवून बघा. भेग दिसली तर ती आणि मधली बेअरिंग एकत्रच. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, डॉट ४.

कागदपत्रांचंही याच काळात बघा. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणजे आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. मुदत जवळ आली असेल तर आरटीओत न्यायच्या आधी काम संपवा, मध्यात नको. पन्नास वर्षं झाल्याशिवाय व्हिंटेजचे नियम लागू होत नाहीत, तेव्हा ई३० अजून साध्या गाडीच्याच रांगेत.

रेडिएटरमध्ये भरायचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं नको, त्याचे क्षार आतल्या वाटा बंद करतात. निळं, फॉस्फेट नसलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, मिळून साधारण दहा लिटर. हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक थोडं वर, थर्मोस्टॅटच्या घरावरचा हवेचा स्क्रू सैल, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू ओतत राहायचं. इंजिन थंड असताना व्हॉल्व्हचं अंतर ०.२५ एमएम. इंजिन ऑइल फिल्टरसह पावणेपाच लिटर.

पहिली फेरी टिळकवाडीच्या रेल्वे गेटाकडे, गर्दीच्या वेळी. उभ्या गाडीत टेंपरेचरचा काटा मध्यावर टिकतो का ते तिथेच कळतं. मग काकतीवरून वंटमुरीचा घाट, चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. घरी येऊन गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी कूलंटची पातळी बघा, खाली पुठ्ठा टाकून डाग बघा. दोन्ही ठीक असेल तरच जांबोटीवरून चोर्ल्याला काढा, आणि डिकीत एक व्ही बेल्ट, एक वरचा होज, दोन क्लॅम्प व पाच लिटर पाणी असू द्या. कणकुंबीच्या पुढे जंगलच आहे, तिथे हाकेच्या अंतरावर गॅरेज नाही. परत आल्यावर होजचे क्लॅम्प एकदा परत आवळा. हेड उतरवलं असेल तर हजार किलोमीटरला व्हॉल्व्हचं अंतर पुन्हा मोजा. बेल्टची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, आणि तेच एका चिठ्ठीवर लिहून बेल्टच्या वरच्या कव्हरवर चिकटवा.