सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या डॉक्ससाठी (माहितीच्या पानांसाठी) मार्कडाउन (साध्या टेक्स्टमध्ये खुणा टाकून फॉरमॅटिंग करायची पद्धत) घ्यायचं की दुसरं काही?

आधी बघा लिहिणार कोण. अधूनमधून येऊन टायपो सुधारणारेच जास्त असतील तर सरळ मार्कडाउन घ्या, कुणाला शिकवत बसावं लागत नाही. फक्त फ्लेवर (मार्कडाउनचा उपप्रकार) कुठला ते रिपोत (प्रोजेक्टच्या फाइल्स असतात तिथे) लिहून ठेवा, कारण कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाणित रूपाच्या स्पेकमध्ये (नियमावलीत) साधं टेबलसुद्धा नाहीये, गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) दिसलं म्हणून सगळीकडे दिसेलच असं नाही. क्रॉस-रेफरन्स (एका पानातून दुसरीकडचा संदर्भ), कोडमधून आपोआप निघणारे एपीआय डॉक्स (कोडमधली फंक्शन्स कशी वापरायची त्याची माहिती) असलं काही हवं असेल तर स्फिंक्स (डॉक्स तयार करणारं टूल) आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट (त्यात लिहायची खुणांची पद्धत) घ्या, पायथन आणि लिनक्स कर्नलवाले तेच वापरतात, पण हेडिंगखालची रेघ शीर्षकापेक्षा छोटी पडली की लगेच वॉर्निंग, नवीन माणूस वैतागतो राव. मोठं मॅन्युअल तुकड्यातुकड्यांनी जोडायचंय? आस्कीडॉक, तीही अशीच खुणांची पद्धत. ठरवण्याआधी तुमचं सगळ्यात किचकट पान तिन्हीत लिहून बघा, डिफ (बदलाआधीच्या आणि नंतरच्या मजकुरातला फरक) वाचता येतोय का तेही बघा.