ठाण्याहून सुट्टीची गाडी पकडताना

मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्याहून कोकणात किंवा विदर्भात जायचे असेल, तर तयारी मार्चमध्येच सुरू करावी, कारण आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि कोकणातल्या गाड्या पाहता पाहता भरतात. ऑनलाइन काढलेले तिकीट पूर्णपणे प्रतीक्षायादीतच राहिले, तर तक्ता लागल्यावर ते आपोआप रद्द होते, त्यामुळे त्याच्या भरवशावर सामान बांधू नये. तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि इतरांसाठी ११ वाजता सुरू होते. तिकीट मुंबईपासूनचे असले, तरी चढण्याचे स्थानक ठाणे नोंदवले आहे ना, हे अवश्य तपासावे, नाहीतर आपली जागा दुसऱ्या प्रवाशाला दिली जाऊ शकते.

ठाण्यात गाडी काही मिनिटेच थांबते आणि फलाटावर लोकलची गर्दीही असते, म्हणून अर्धा तास आधी पोहोचून डब्याच्या जागेचा फलक पाहावा आणि तेथेच उभे राहावे. सोबत आजी-आजोबा असतील, तर एकाने आधी चढून त्यांना हात द्यावा आणि सामान शेवटी घ्यावे. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची काळजी आहे.