नागरिकशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा मसुदा कसा वाचावा आणि त्यावर अभिप्राय कसा द्यावा

नागरिकशास्त्राचा नवा मसुदा जाहीर झाला की वाद बहुधा एखाद्या प्रकरणाच्या शीर्षकावरून पेटतो आणि वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाणार हे ज्या पानांवर ठरते, ती पाने न वाचलेलीच राहतात. म्हणून प्रस्तावनेतील उदात्त वाक्यांवर वेळ न घालवता प्रथम अध्ययन निष्पत्ती (शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे हे सांगणारी वाक्ये) आणि मूल्यमापनाचा आराखडा समोर घ्यावा.

निष्पत्तींमधील क्रियापदे अधोरेखित करावीत. ‘विद्यार्थी मतदानाचे महत्त्व सांगतो’ ही निष्पत्ती पाठ केलेल्या चार ओळींत पूर्ण होते. ‘परिसरातील एखाद्या प्रश्नाचा निर्णय कोणती संस्था घेते हे शोधून तिच्याकडे मुद्देसूद निवेदन लिहितो’ ही निष्पत्ती मात्र अधिकारांची विभागणी समजल्याशिवाय आणि माहिती पडताळल्याशिवाय साध्य होत नाही. दुसऱ्या प्रकारची वाक्ये मसुद्यात असूनही परीक्षेत त्यांना गुण नसतील, तर ती शिकवली जाणार नाहीत असेच धरून चालावे.

यानंतर वादग्रस्त विषयांकडे वळावे. माझ्या मते मसुद्याची खरी कसोटी येथेच लागते. तत्कालीन पश्चिम जर्मनीत बॉइटेल्सबाख येथे १९७६ साली झालेल्या परिषदेतून पुढे आलेली तीन तत्त्वे यासाठी फार उपयोगी पडतात: शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यांवर लादू नये, समाजात व अभ्यासकांमध्ये जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, आणि विद्यार्थ्याला राजकीय परिस्थितीचे व स्वतःच्या हितसंबंधांचे विश्लेषण करता यावे. प्रत्येक वादग्रस्त घटकापुढे ही तत्त्वे ठेवून एकच बाजू कोठे दिली आहे ते नोंदवावे. मात्र प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात असा याचा अर्थ नव्हे. माणसाची प्रतिष्ठा किंवा पुराव्याने सिद्ध झालेली घटना चर्चेपुरतीही ‘एक मत’ म्हणून मांडली जात असेल, तर त्यावर हरकत घ्यावीच.

तासिका आणि शिक्षक-प्रशिक्षण यांची तरतूदही पाहावी. इंग्लंडमध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड क्रिक यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा नागरिकशिक्षणावरील अहवाल १९९८ मध्ये आला आणि २००२ पासून हा विषय माध्यमिक स्तरावर सक्तीचा झाला. तरीही अनेक शाळांत त्याला स्वतंत्र तासिका मिळाली नाही.

मसुदा कोणी केला आणि कोणाशी चर्चा करून केला, हेही विचारावे, कारण व्यापक सहमती नसलेला विषय सत्ताबदलात टिकत नाही. स्पेनमध्ये २००६ च्या कायद्याने आणलेल्या नागरिकशिक्षणाला काही पालकांनी सदसद्विवेकाच्या आधारे आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो आक्षेप मान्य केला नाही, पण २०१३ च्या कायद्याने तो विषयच काढून टाकला. हाँगकाँगमध्येही २०१२ साली विद्यार्थी आणि पालकांच्या मोठ्या आंदोलनानंतर नैतिक व राष्ट्रीय शिक्षणाच्या सक्तीचा आग्रह सरकारला सोडावा लागला.

अभिप्राय लिहिताना एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यावा. पृष्ठ क्रमांक देऊन मूळ वाक्य जसेच्या तसे उतरवावे, हरकतीचे कारण दोन-तीन वाक्यांत सांगावे आणि त्याखाली आपण सुचवत असलेला पर्यायी मजकूर पूर्ण लिहावा. ‘हा मसुदा पक्षपाती आहे’ या शेऱ्यावर समितीला काहीच करता येत नाही. तयार वाक्य समोर असले की ते स्वीकारायचे की नाकारायचे, हे तिला ठरवावे लागते. जो भाग चांगला आहे तो कायम ठेवण्याची मागणीही स्पष्ट शब्दांत करावी, कारण विरोधी अभिप्रायांच्या गर्दीत असेच भाग प्रथम वगळले जातात. पाठवलेल्या अभिप्रायाची प्रत आणि पोच जपून ठेवावी व अंतिम मसुदा आल्यावर ती त्याच्याशी ओळीने ताडून पाहावी.