ऑक्टोबरफेस्टला एकट्यानं जाताय? या चुका टाळा

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे मोठमोठ्या तंबूंत भरणाऱ्या बिअरच्या उत्सवाला, एकट्यानं जायचं ठरलं की बहुतेकांना एकच धास्ती असते: बसायला जागा मिळेल ना? त्यापायी लोक महिनोन्महिने टेबलाच्या आरक्षणामागे लागतात आणि भलत्याच साइटवर पैसे घालवून बसतात. खरं तर एकट्या माणसाला जागा मिळणं हेच त्यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड असतं ते रात्री साडेदहाला बिअर बंद झाल्यावर, पोटात दोन लिटर घेऊन, धडपणे मुक्कामी पोचणं. त्याचा विचार आधी कुणी करत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ या उलट्या हिशेबात आहे.

तारखा आणि वार

उत्सव सुरू होतो सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी आणि संपतो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. २०२६ मध्ये तो १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर असा आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर स्वस्त विमान मिळालं म्हणून बुकिंग करणाऱ्याला तिथे तंबू उतरवणारे कामगार भेटतील.

त्याहून जास्त होणारी चूक म्हणजे शनिवार-रविवारला धरून सहल आखणं. पहिल्या शनिवारी दुपारी बरोबर बारा वाजता शॉटनहामेल तंबूत म्युनिकचे महापौर पहिलं पिंप फोडतात, आणि तोवर कुठल्याही तंबूत बिअर मिळत नाही. जागा धरायला सकाळी नऊपासून आत बसलेले लोक तीन तास लिंबूपाण्यावर काढतात. ज्यांना तो सोहळाच बघायचाय त्यांनी जरूर जावं, बाकीच्यांनी कशाला? मधल्या शनिवार-रविवारी इटलीहून लोंढे येतात. शेवटच्या टप्प्यात ३ ऑक्टोबर ही जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी असते, आणि २०२६ मध्ये ती शनिवारीच आली आहे. तीन-चार दिवसांच्या सहलीसाठी रविवारी पोचून सोमवार ते बुधवार उत्सव बघणं सगळ्यात शहाणपणाचं. फक्त रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, त्यामुळे औषधं, चार्जर वगैरे बरोबरच घेऊन जा.

सगळा उत्सव एकाच दिवसावर टाकू नका. २०२५ मध्ये २७ सप्टेंबरच्या शनिवारी गर्दी हाताबाहेर गेल्यानं उत्सवाचं मैदान काही वेळ बंद करावं लागलं. १ ऑक्टोबरला तर बॉम्बच्या धमकीमुळे ते संध्याकाळी साडेपाचपर्यंत उघडलंच नाही. ज्यांच्या हातात तेवढा एकच दिवस होता, त्यांनी बहुधा मैदानाबाहेरूनच फोटो काढले असतील. दोन वेगवेगळे दिवस हाताशी असले की असा एखादा दिवस गेला तरी चालतं.

व्हिसा आणि विमा

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंतही लांबू शकतात. शिवाय मुलाखतीची वेळ मिळायला जे दिवस जातात ते वेगळेच. सप्टेंबरच्या सहलीसाठी ऑगस्टमध्ये जागं होणं म्हणजे नशिबावर हवाला. प्राग किंवा व्हिएन्ना जोडून घेणार असाल तर ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखेच असतील तर आधी ज्या देशात उतरणार त्याच्याकडे. आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं हॉटेल घेऊ नका, कितीही स्वस्त दिसलं तरी.

व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो, तो सगळेच काढतात. पण त्यातली अपवादांची यादी वाचतो कोण? बऱ्याच पॉलिसींमध्ये दारूच्या अमलाखाली झालेली दुखापत वगळलेली असते. बिअरच्या उत्सवाला निघालेल्या माणसानं ते एक कलम तरी वाचावं, आणि शंका असेल तर कंपनीला ईमेलनं विचारून उत्तर जपून ठेवावं.

सीमेवरचा वेळही आता वेगळा धरावा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवाशांच्या ये-जा नोंदीची नवी डिजिटल पद्धत सुरू झाली आहे. पासपोर्ट तपासणी शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होते. म्हणजे फ्रँकफर्टला विमान बदलून म्युनिकला जाणार असाल तर रांग फ्रँकफर्टलाच. तिथे दीड तासाच्या अंतरानं पुढचं विमान घेणं म्हणजे जुगार.

मुक्काम: मैदानापासून जवळ की परतीला सोपा?

उत्सवाच्या दिवसांत म्युनिकमधले दर कित्येक पटींनी चढतात. लोक दोन टोकं गाठतात. कुणी मैदानाशेजारच्या खोलीसाठी सहलीचं अर्धं बजेट घालवतो, तर कुणी नकाशावर जवळ दिसणारं गावाबाहेरचं घर घेतो, जिथे रात्री अकरानंतर बस जात नाही.

जवळ की लांब हा प्रश्नच नाही. रात्री साडेअकराला एकाही ठिकाणी गाडी न बदलता पोचता येतं का, एवढंच बघा. त्या कसोटीवर शहराच्या दुसऱ्या टोकाचं, पण यू-बानच्या (भुयारी रेल्वेच्या) थेट लाइनवरचं हॉटेल चांगलं ठरतं. ऑग्सबुर्ग हे शेजारचं शहर जलद गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि तिथे दर बरेच सुसह्य असतात. मात्र शेवटच्या दोन परतीच्या गाड्यांच्या वेळा फोनमध्ये नव्हे, कागदावर लिहून खिशात ठेवा. फोन त्या वेळी मेलेला असतो, नाहीतर हरवलेला.

टेबलाचं आरक्षण: जे लागतच नाही त्यावर खर्च

मैदानात प्रवेश मोफत आहे. तंबूतली आरक्षणं अख्ख्या टेबलाची होतात, आठ-दहा माणसांची, आणि ती फक्त त्या त्या तंबूच्या चालकाकडून. आरक्षणाबरोबर माणशी ठरावीक बिअर नि जेवणाची कुपनं आगाऊ घ्यावी लागतात. त्यातली 'एक सीट' कुणी भरमसाट भावानं ऑनलाइन विकत असेल तर तिकडे फिरकू नका. असे परस्पर विकलेले पास तंबूच्या दारात नाकारले जाऊ शकतात.

प्रत्येक मोठ्या तंबूत काही टेबलं आरक्षणाशिवाय ठेवलेली असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान गेलात तर एकट्याला जागा हमखास मिळते. दहा जणांच्या टेबलावर नऊ जण बसलेले असतात, तुम्ही फक्त बाकाकडे बोट दाखवून 'इस्ट हीअर नोख फ्राय?' (इथे जागा आहे का?) म्हणायचं. एवढं जर्मन पुरतं. आरक्षित टेबलावरही त्यांची वेळ होईपर्यंत बसता येतं. टेबलावरच्या चिठ्ठीत तास लिहिलेला असतो, तेवढा बघून ठेवा.

बसल्याशिवाय मात्र सहसा बिअर मिळत नाही. उभ्या-उभ्या वाढपी बाईला गाठायचा प्रयत्न केलात तर ती दहा-बारा भरलेले मग छातीशी धरून, वाटेतल्यांना खेकसत तुमच्या अंगावरून निघून जाईल. तिच्या वाटेत उभं राहणं ही चूक एकदाच होते, कारण मगांचा तो गठ्ठा खांद्याला लागतो.

तंबू भरल्याची पाटी लागली तर दारात ताटकळू नका. तंबूबाहेरच्या बागेतल्या बाकांवरही तीच बिअर मिळते. किंवा लहान तंबूत शिरा. गोंगाट नकोच असेल तर मैदानाच्या दक्षिणेकडचा 'ओइडे व्हीज्न' हा जुन्या धाटणीचा भाग बघा, तो दर वर्षी नसतो, तेवढी आधी खात्री करा. त्याला थोडं प्रवेशशुल्क असतं, म्हणूनच तिथे जरा निवांत वाटतं.

पाठीवरची सॅक आणि खिशातले पैसे

विमानतळावरून थेट मैदानात जाणाऱ्यांची फजिती ठरलेली. तीन लिटरांहून मोठी बॅग आत सोडत नाहीत आणि पाठीवरची सॅक तर अजिबात नाही. काचेच्या बाटल्या, चाकू, मिरीचा स्प्रे हेही बाहेरच. आधी हॉटेलवर सामान टाका, नाहीतर स्टेशनच्या लॉकरमध्ये. मैदानाच्या प्रवेशद्वाराजवळ सामान ठेवायची सोय आहे, पण तिथे परतताना रांग लागते.

पैशांचं म्हणाल तर प्रत्येक वेळी मग टेबलावर आला की तिथल्या तिथे द्यायचे. शेवटी एकदम बिल हा प्रकार नाही. २०२५ मध्ये एका मगाला साडेचौदा ते पंधरा युरो ऐंशी सेंट पडत होते. कार्ड सगळीकडे चालेलच असं नाही, म्हणून सुट्ट्या नोटा ठेवा आणि वर युरो-दोन युरो सोडा. पहिल्या मगाला सढळ हातानं टिप दिली की दुसरा लवकर येतो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण खरं आहे.

बिअरचा हिशेब

इथली बिअर साधारण सहा टक्के अल्कोहोलची असते आणि एका मगात पूर्ण लिटर येते. म्हणजे एका मगात साठ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये ते तेरा मिलिलिटरच्या आत असतं. मांडा गणित: एक मग म्हणजे साडेचार पेगांच्या वर. 'बिअरच तर आहे' म्हणत तीन मग रिचवणारा माणूस खरं तर चौदा पेग प्यायलेला असतो, तेही रात्रभर विमानात अवघडून आल्यावर.

पोचल्याच दिवशी तंबू गाठू नये ते यासाठी. पहिल्या संध्याकाळी शहरात एखाद्या बिअर गार्डनमध्ये अर्धा लिटर घ्या आणि झोपा. उत्सवात आधी अर्धी कोंबडी किंवा चीज घातलेले श्पेट्झले (तिकडचे नूडल्स) खाऊन मग सुरुवात करा. दोन मगांमध्ये अल्कोहोलविरहित बिअर मागवायला लाजू नका, तीही त्याच मगात येते आणि शेजाऱ्याला कळतही नाही.

एकट्याची खरी अडचण स्वच्छतागृहाला जाताना येते. जागा राखायला कुणी नाही, मगाकडे बघायला कुणी नाही. म्हणून बसल्या बसल्या शेजारच्यांशी ओळख करून घ्या, उठण्यापूर्वी मग संपवा, आणि मागे ठेवून गेलेला मग परत तोंडाला लावू नका. बाकावर उभं राहून गाणं म्हटलेलं चालतं, टेबलावर चढलात तर बाहेर काढतील. गांजा जर्मनीत एप्रिल २०२४ पासून मर्यादित प्रमाणात कायदेशीर असला तरी या मैदानात त्याला बंदी आहे.

परतीची वाट

बाहेर पडताना घोळ होतो तो दिशेचा. रात्री सगळ्या वाटा सारख्याच दिसतात. उजेडी जाऊन दोन खुणा पक्क्या करा: पश्चिमेला बव्हेरियाचा उंच कांस्य पुतळा, उत्तरेला सेंट पॉल चर्चचा मनोरा. चर्चच्या बाजूनं निघालात की मुख्य रेल्वे स्थानक चालत पंधरा-वीस मिनिटांवर.

बहुतेक गर्दी थेरेझिएनविझं या यू-बान स्थानकावर कोसळते आणि ते मधूनमधून बंदही ठेवावं लागतं. त्याऐवजी पुतळ्यामागचं श्वांथालरह्योह, पूर्वेचं ग्योटेप्लात्स किंवा दक्षिणेकडचं पोचीश्ट्रासं धरा. एस-बान (उपनगरी रेल्वे) हवी असेल तर हाकरब्र्यूकं. आणि सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे साडेनऊलाच उठणं. शेवटच्या तासात तंबूत नवीन असं काही घडत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर समोर दिसली तरी हात लावू नका. तिला मोटारीचेच मद्यपानाचे नियम लागू आहेत आणि एका मगातही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. पुतळ्याखालच्या हिरव्या उतारावर 'जरा पडतो' म्हणणाऱ्यांची पाकिटं आणि फोन तिथेच जातात.

तरीही बिनसलंच तर

शॉटनहामेल तंबूमागे सेवा केंद्र आहे. प्रथमोपचार, पोलीस, हरवलेल्या वस्तू सगळं एकाच जागी. मुली आणि स्त्रियांसाठी तिथे स्वतंत्र सुरक्षा कक्ष चालतो: कुणी मागे लागलंय, फोन-पैसे गेलेत, हॉटेलचं नाव आठवत नाहीये, अशा कुठल्याही कारणासाठी तिथे जाता येतं, आणि घरी पोचवायची व्यवस्थाही ते लावून देतात. जागा पहिल्याच दिवशी, शुद्धीत असताना बघून ठेवा. आणीबाणीला ११२, पोलिसांना ११०. पासपोर्ट हॉटेलात, त्याची प्रत खिशात, आणि हॉटेलचा पत्ता असलेलं कार्ड कपड्याच्या आतल्या खिशात. टॅक्सीवाल्याला तेवढं दाखवलं की बोलावंही लागत नाही.

आठवण म्हणून मग पळवायचा मोह अनेकांना होतो. तो चोरीच धरतात आणि दारातले रक्षक पिशव्या तपासतात. हवाच असेल तर विकत घ्या, पावती जवळ ठेवा आणि चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून टाका. काचेचा रिकामा मग सव्वा किलोच्या पुढे भरतो, वजनाची मर्यादा आधी बघा. परतीचं विमान शेवटच्या मगाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेचं घेऊ नका. शहरातून विमानतळाला एस-बाननं पाऊण तास लागतो, आणि जड डोक्यानं तो बराच लांब वाटतो. दुपारनंतरचं घ्या.