झाडावरचं घर बांधताय? या चुका टाळा

एप्रिलात शाळेला सुट्टी लागली, की आमच्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी भागात घरोघरी एक इंजिनिअर जन्माला येतो. सकाळी मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, दुपारी परड्यातल्या आंब्यावर चढायचं आणि संध्याकाळी पोरांना वर बसवून फोटो काढायचा.

या घाईतली सगळ्यात वाईट चूक म्हणजे फांदीला तार आवळणं. सेंट्रिंगची बाइंडिंग तार घरात पडलेली असते ना! आमच्या एका पाहुण्यांनी तर "खिळे मारून झाडाला इजा कशाला?" म्हणून माळ्याच्या फळ्या फांदीला बांधायला तारेचे वेढेच्या वेढे दिले. पण पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं. फांदी जाडीला वाढते, तार वाढत नाही. ती सालीत रुतून ती वाटच बंद करते. दोन पावसाळे माळा झकास होता. मग वेढ्याच्या पुढे फांदी फुगली, पानं पिवळी पडली. पाहुणे म्हणाले, "शेणखत घालू की!" पुढच्या वळवात फांदी बरोबर तिथंच मोडली, माळ्यासकट. पोरं घरात जेवत होती म्हणून निभावलं.

झाडातच आधार घ्यायचा तर खोडात एकेक जाड बोल्ट, एकमेकांपासून लांब. बारीक खिळ्यांची रांग नको. जखमा जवळजवळ असल्या की कूज एकीतून दुसरीत जाते. शिवाय आंब्याच्या खोडकिड्याला अंडी घालायला अशा सालीच्या फटीच लागतात. खोडातून भुसा गळताना दिसला, तर ते झाड सोडा.

मी स्वतः झाडावर वजन टाकतच नाही. रानडुकरांपासून पीक राखायला शेतात घालतात तसा चार मेढींचा, म्हणजे लाकडी खांबांचा माळा, मधून झाड, खोडाभोवती चार बोटं मोकळी. "हे कसलं ट्री हाऊस?" म्हणणारे भेटतात. म्हणू देत. फक्त मेढी मातीत पुरू नका, वाळवी सोडत नाही; काँक्रीटच्या पायावर लोखंडी पट्टीत धरा आणि तिरके टेकू द्या.

दोन झाडांना एकच तुळई पक्की करू नका. वाऱ्यात दोन्ही वेगवेगळी डोलतात. एक टोक बोल्टनं बांधा, दुसरं आधारावर सरकतं ठेवा.

शेवगा, पांगारा नकोच, लाकूड ठिसूळ. ओल्या फळ्या वाळताना वाकतात. कठडा 3 फूट तरी हवा आणि पट्ट्या उभ्याच. आडव्या असल्या की पोरं शिडी करून चढतात.

झाड वाढलं की घर वर जाईल का, हे पोरांइतकंच आजोबाही विचारतात. नाही जात. उंची शेंड्याकडे वाढते, बोल्ट आहे तिथंच राहतो.

आणि मे महिन्यात सुरुवात करू नका. मृगाला छप्पर अर्धं असतं, आणि खानापूरचा पाऊस कुणासाठी थांबत नाही. दिवाळीनंतर हात घाला. पोरं रुसतील, तोवर त्यांच्याकडून रिपा (लाकडी पट्ट्या) पॉलिश पेपरनं घासून घ्या.